चालक समाविष्ट नाही

गादीची खोळ अर्धी चढली होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी धाकटी जाऊ, आणि मधे ती जाडजूड गादी. हे काम दोघींनीच करायचं असतं, एकटीने करायला गेलं तर गादी बाहेर राहते आणि माणूस खोळीत जातं. तिने तिच्याकडचे कोपरे आत सारले होते, माझ्याकडचे राहिले होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर बघून तिने गादी सोडली आणि सगळा भार माझ्या पायांवर आला.

"हो मॅडम, बोलतेय." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "पण पत्रात पुढचा महिना लिहिला होता ना?" पुन्हा ऐकणं. "बरं. येत्या शुक्रवारी. हो, आम्ही घरीच असतो."

फोन ठेवून ती त्या अर्धवट गादीवरच टेकली.

"ताई, तपासणी अलीकडे ओढली. शुक्रवारी येतायत."

मी म्हटलं, येऊ देत की, त्यात काय. ती म्हणाली, "खोकं अजून उघडलेलंसुद्धा नाही मी."

त्या खोक्यावर काय काय अवलंबून होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तिची लेक बारा वर्षांची. आमच्या घरात तिला गोगी म्हणतात, गोगलगाय म्हणून. नाव माझ्याच नवऱ्याने ठेवलं, लाडाने. ती प्रत्येक गोष्ट इतकी सावकाश करते की तिने एक चप्पल घालेपर्यंत बाकीचे कोपऱ्यापर्यंत पोचलेले असतात. शाळेत तिच्या पेपरातली पहिली चार उत्तरं बाईंनी वर्गात वाचून दाखवावीत अशी असायची आणि पुढची पानं कोरी. दर परीक्षेला तेच. शेवटी शाळेने सांगितलं, हिला एक इयत्ता मागे बसवू. परीक्षेच्या दिवशी पोरीच्या पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तेव्हा आमच्या जाऊबाईंनी तिला शाळेतून काढली आणि घरी शिकवायला घेतली. सगळं घर डोक्याला हात लावून बसलं. माझा दीर तिला त्या दिवसापासून 'हेडबाई' म्हणतो. आधी रागाने म्हणायचा, मग सवयीने.

घरी शिकायची परवानगी शिक्षण कचेरीकडून दर वर्षी मिळवावी लागते. गेल्या खेपेला शेरा आला: भाषा आणि गणित समाधानकारक, विज्ञान केवळ पुस्तकी. पुढच्या तपासणीला मुलीने स्वतः केलेली, चालणारी एखादी वस्तू दाखवावी आणि ती कशी चालते ते सांगावं. नाहीतर नव्या सत्रापासून शाळा, आणि तीही एक इयत्ता मागे. एवढं सरळ होतं ते.

तेव्हापासून जाऊ विज्ञानाच्या आणि रोबोटच्या सामानाच्या मागे लागली. तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. पुस्तकं, किटं, फोनवरचे वर्ग, कोणाकोणाकडून मागून आणलेले अर्धे वापरलेले डबे. लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर ती जड फ्रेम चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट की हे?" तीच सवय तिने इथे लावली. दोन पुस्तकं गोगीपुढे ठेवायची, दोन्हींत एकच धडा उघडायचा, चुंबकाचा म्हणा किंवा प्रकाशाचा, आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? गोगी कधी कधी दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायची. जे हरलं ते बाजूला जायचं, जे जिंकलं त्याच्यासमोर नवीन यायचं.

दुसरा तिचा नियम जास्त विचित्र होता. कुठलंही सामान आधी ती स्वतः, एकटी बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करून बघायची. मला वाटायचं, पोरीला नीट शिकवता यावं म्हणून करत असेल. एकदा एक सुंदर खोकं तिने बाजूला सारलं. रंगीत तुकडे, टकटक बसणारे, मोठी मोठी चित्रं. मी म्हटलं, अगं छान तर झालंय की. ती म्हणाली, "कुठेच अडकले नाही मी. मीच अडकत नसेन तर ती विचार कशाचा करणार?" म्हणजे जिथे ती अडायची, तेच सामान ठेवून घ्यायची. अडलं आणि पुस्तकाने वाट दाखवली तर उत्तम. अडलं आणि पुस्तक गप्प बसलं तर ते परत. फोनवरच्या वर्गांना तिने एका झटक्यात काट मारली. तो शिकवणारा फार भरभर बोलतो आणि गोगी त्याला थांबवू शकत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

शेवटी तिने एक सुट्या भागांचं किट निवडलं. छोटी गाडी करायची, समोर भिंत आली की आपणहून थांबणारी आणि वळणारी. एक पाटी, दोन मोटरी, दोन चाकं, पुढे एक मोकळं चाक, गाडीला सूचना देणारा एक बोर्ड, अंतर ओळखणारा सेन्सर, वायरी. सोबत मराठी पुस्तिका. तुकडे विकणाऱ्याकडून सुटे मागवता येतात, तुटलं तर पुन्हा आणता येतं, ही त्यातली मोठी गोष्ट, असं ती म्हणाली. मागवताना आम्ही दोघी खाली माझ्या ओट्याशी उभ्या होतो. तिने फोनवरची माहिती मोठ्याने वाचली. शेवटी बारीक अक्षरांत होतं, 'सेल व चालक समाविष्ट नाहीत.'

आम्ही दोघी हसलो. म्हटलं, सेल घरात आहेत, आणि एवढ्याशा गाडीत चालक बसणार कुठे? माझ्या मुलाच्या लहानपणीच्या गाड्यांत टोपीवाला बाहुला असायचा, तो हरवला की तो भोकाड पसरायचा. जाऊ म्हणाली, "बाहुला नको आपल्याला. पैसे वाचले." आणि बटण दाबलं.

आता शुक्रवार आला म्हटल्यावर तिचा नियम मोडला. स्वतः करून बघायला वेळच नव्हता. त्याच दुपारी खोकं उघडून तिने सरळ गोगीच्या पुढ्यात ठेवलं. मला आठवतं, खोक्याची चिकटपट्टी काढताना ती दोनदा थांबली.

गोगीने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हणजे आधी सगळे तुकडे कागदावर मांडले, प्रत्येकाच्या खाली नाव लिहिलं, मग पुस्तिका वाचली, मग पुन्हा वाचली. आई बाजूला बसून ओठ आवळत होती. सोमवारी पाटीवर मोटरी बसल्या, चाकं बसली. मंगळवारी सेन्सर बोलायला लागला. हात पुढे नेला की बोर्डावरचा दिवा लागायचा, मागे घेतला की विझायचा. जाऊ जिना उतरून मला सांगायला आली. कितीतरी दिवसांनी ती मोकळी दिसत होती. मी संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा दोन शब्द जास्तीचे बोलले.

मग बुधवारी मोटरी जोडायची वेळ आली. त्या वेळी मी वरच होते, धुतलेले कपडे द्यायला गेले होते. गोगीने मोटरची वायर बोर्डाला लावली. मोटर एकदा गुरगुरली. चाक हललं नाही. बोर्डावरचा दिवा मिणमिणला, विझला, परत लागला, परत विझला. जाऊने हात घालून वायर ओढून काढली.

गोगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "त्याला झेपत नाहीये."

जाऊने पुस्तिका पुढे चाळली. पुढच्याच पानावर चौकटीत ठळक अक्षरांत होतं की मोटर कधीही बोर्डाला थेट जोडू नये, बोर्ड निकामी होऊ शकतो, मोटर नेहमी चालकामार्फत जोडावी. शेजारी चालकाचं चित्र. लाल रंगाची, काड्यापेटीएवढी एक पाटी, तिच्यावर काळा कंगव्यासारखा तुकडा.

तिने खोकं उलटं केलं. कोपरे चाचपले. खालचा कागदसुद्धा काढला. मग फोन घेऊन ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मीही तिच्या खांद्यावरून वाचली. आम्हा दोघींनाही हसू आलं नाही.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, चालक पाठवतो, पण हातात पडायला पुढचा आठवडा उजाडेल. बाजारात विजेच्या सामानाची जेवढी दुकानं माहीत होती तेवढी ती पालथी घालून आली. एकाने फ्यूज दाखवला, एकाने पंख्याचं बटण. एक जण तर म्हणाला, बाई, चालक हवा असेल तर स्टँडवर विचारा. ती ते सांगताना हसायचा प्रयत्न करत होती.

रात्रीच्या जेवणाआधी दीर घरी आला. औषधाच्या दुकानात दिवसभर उभा असतो, आल्यावर पहिल्यांदा पाय वर घेऊन बसतो. त्या दिवशी त्याने पाय वर घेतले नाहीत, कारण त्याच्या हातात खोकं होतं. तसंच, रंगीत तुकड्यांचं, टकटक बसणारं, त्याहूनही मोठं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि सुटे भाग हाताने एका बाजूला सरकवले.

"तास-दीड तासात गाडी तयार होते. पुढे चालते, मागे चालते, भिंत आली की थांबते. दुकानदाराने समोर करून दाखवली."

जाऊ म्हणाली, हे तिने केलंय असं म्हणायचं?

"तीच करेल ना. तिच्याच हाताने करेल."

आणि खरंच, गोगीनेसुद्धा ती गाडी फार वेळ न लावता केली. चित्र बघायचं, तुकडा बसवायचा. गाडी फरशीवरून सुरर्कन गेली, भिंतीपाशी थांबली, वळली, परत आली. आवाज नाही, अडखळणं नाही. दीर माझ्याकडे बघून म्हणाला, झालं की नाही काम, वहिनी? मला तर सुटल्यासारखं झालं. मी जाऊला म्हटलं, आता पुरे. देवाने वाट दाखवली ती घ्यावी. परवानगी एकदा मिळू दे, मग तुला काय करायचं ते वर्षभर कर.

गोगीला तिने एकच विचारलं, ही का थांबते गं? गोगीने गाडी उलटी केली. खाली सगळं बंद, गुळगुळीत, स्क्रूसुद्धा नाही. ती गाडी तशीच हातात धरून बसली.

मग नवरा-बायकोचं वाजलं. मी खाली निघून यायला हवं होतं, पण जिन्यात थांबले, खोटं कशाला सांगू. दीर मोठ्याने बोलत नव्हता. तो म्हणत होता, "तुला वाटतं मी तुझ्या विरुद्ध आहे. रोज दुकानात कोणीतरी विचारतं, मुलगी कुठल्या शाळेत? आणि मी रोज खोकल्याच्या औषधाकडे वळतो. दोन वर्षं वळतोय. शुक्रवारी जमलं नाही आणि ती शाळेत परत गेली ना, तर त्या मागच्या इयत्तेच्या बाकावर तिला बसलेली बघणं मला होणार नाही. म्हणून आणलं ते खोकं."

त्यावर जाऊ काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर रंगीत गाडी कपाटावर होती आणि गोगी पुन्हा सुट्या भागांपाशी. तिच्या समोर जुनं पुस्तक होतं, अंधार झाला की आपोआप लागणाऱ्या दिव्याचं. तो दिवा त्यांनी गेल्या वर्षी अर्धवट सोडला होता, मला आठवलं. त्यात तीन पायांचा एक काळा दाणा असतो, ट्रान्झिस्टर म्हणतात त्याला. मला गोगीने समजावलं ते असं: मोठा नळ आहे, पाणी खूप येतं, पण तो उघडायला एका बोटाचा जोर पुरतो. बोर्डाने फक्त बोट लावायचं, मोटरीला लागणारी वीज सेलमधून सरळ जाणार. त्या दिव्याचे असे दोन दाणे घरात होते. पहिला जोडताना त्याचा पाय तुटला. मुळापाशी तुटला, सांधायलाही काही उरलं नाही. राहिला एक.

एक दाणा म्हणजे एकच मोटर. दोन्ही मोटरी त्यावर लावून पाहिल्या, तर तो इतका तापला की गोगीने बोट चटकन मागे घेतलं. एका मोटरवर गाडी चालवली. ती गोल गोल फिरायला लागली, जत्रेतल्या पाळण्यासारखी. समोर हात धरला की थांबायची. हात काढला की परत गोल.

आम्ही तिघी फरशीवर बसून ते बघत होतो. जाऊ म्हणाली, "ताई, हे दाखवू की ते?" आणि मला कळलं की हा तोच प्रश्न आहे, हे स्पष्ट की हे, आणि या वेळी तिला स्वतःलाच दिसत नाहीये. मी सांगितलं, कपाटावरची दाखव. आजही विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. गोल फिरणारी गाडी घेऊन कोणी परीक्षेला बसतं का?

तिने गोगीवर सोपवलं. गोगी म्हणाली, विचार करते. गुरुवार संपला तरी तिचा विचार संपला नव्हता.

शुक्रवारी तपासनीस बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, बारीक, गुडघा दुखत असावा, कारण मऊ खुर्ची नको म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातली लाकडी मागून घेतली. मनगटावर घड्याळ होतंच, शिवाय पर्समधून दुसरं काढून टेबलावर ठेवलं. दीर त्या दिवशी दुकानात गेला नव्हता. त्याने रंगीत गाडी आधीच टेबलाच्या मधोमध ठेवलेली. गोल फिरणारी आतल्या खोलीत होती.

बाईंनी आधीच बजावलं की आईवडिलांनी मधे बोलायचं नाही, त्यांना विचारलं तर सांगायचं. जाऊ आणि दीर दाराजवळ बसले. मी त्यांच्या मागे, हातात जपमाळ, पदराखाली. मणी पुढे सरकत होते पण माझं लक्ष नव्हतं, नाव राहून जात होतं.

बाईंनी गाडी चालवायला सांगितली. गोगीने चालवली. भिंत, थांबली, वळली. बाईंनी काहीतरी लिहिलं. दिराने माझ्याकडे वळून बघितलं.

"कशामुळे थांबली?"

गोगी गाडीकडे बघत राहिली. मग भिंतीकडे. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दीर खुर्चीच्या कडेवर आला आणि म्हणाला, "तिला येतं, ती जरा..." बाईंनी एक बोट वर केलं. तो मागे टेकला. जाऊ मांडीवरच्या उशीच्या अभ्र्याच्या कडेला बोटांनी चुण्या घालत आणि सोडत होती. तिला उत्तर माहीत होतं, मलाही माहीत झालं होतं एव्हाना, सेन्सर आवाज पाठवतो आणि परत आलेला ऐकतो. तीन माणसं ओठांवर उत्तर घेऊन बसली होती आणि जिला विचारलं ती गप्प.

"यात दिसत नाही," गोगी शेवटी म्हणाली.

"म्हणजे? ही तू केलीस ना?"

परत थांबली. "ही जोडलीय. केलेली आत आहे."

दिराने डोळे मिटून घेतले.

गोगी आत गेली. तिथेही तिला वेळ लागला. बाई लिहीत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. ती आली, वायरी लोंबत असलेली पाटी तिने फरशीवर ठेवली, सेलचं बटण दाबलं. गाडी फिरली, गोल. आणखी एकदा गोल. बाईंनी चष्मा वर केला.

"ही तर एकाच जागी फिरतेय."

"एकच मोटर चालू आहे. दुसरीला चालक नाही."

"का नाही?"

गोगीने आईकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. तेव्हा विचारलंय असं समजून जाऊ बोलली, "माझी चूक. चालक समाविष्ट नाही असं लिहिलं होतं. मला वाटलं, गाडीत बसणारा माणूस."

बाईंनी चष्मा काढला आणि साडीच्या पदराने पुसला, बराच वेळ पुसला. हसू आवरत होत्या की राग, मला कळलं नाही.

मग त्यांनी गोगीला बोलतं केलं. सेन्सर काय करतो, तीन पायांचा दाणा कशाला, दोन मोटरी का नाही लावल्या. गोगी एकेक सांगत होती, मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा ठेवून. टेबलावरचं घड्याळ चालूच होतं. शेवटी बाईंनी विचारलं, "एवढा हा दाणा काम करतो, तर चालक विकत आणायचाच कशाला? आणखी एक दाणा घ्या की."

हे पुस्तकात नव्हतं. जाऊ पुढे झुकली, मला तिच्या पाठीवरून कळलं की तिलाही येत नाही. गोगीने खाली बघितलं. गाडी बंद केली. हात मांडीवर ठेवले. वेळ गेला, आणखी वेळ गेला. बाईंनी कागदावर एक छोटी रेघ मारली आणि म्हणाल्या, असू दे, पुढे जाऊ. पुस्तक काढून त्यांनी वाचायला दिलं. भाषेची तपासणी.

ती रेघ आम्हा सगळ्यांना दिसली होती. दीर उठून खिडकीपाशी गेला. गोगी वाचायला लागली, नेहमीसारखी, प्रत्येक शब्द नीट. पहिला परिच्छेद झाला, दुसरा अर्ध्यावर आला आणि ती वाक्याच्या मधेच थांबली. मला वाटलं, शब्द अडला.

"दाणा फक्त चालू आणि बंद करतो," ती म्हणाली, पुस्तकातून मान वर न काढता. "गाडी मागे घ्यायची तर मोटरच्या दोन वायरी उलट कराव्या लागतील. हाताने केल्या होत्या मी, तेव्हा ती उलटी फिरली. चालक त्या आपल्या आपण उलट करत असणार. म्हणून तो लागतो. नुसतं पुढे जायचं असेल तर दोन दाणे पुरतील."

बाईंनी पेन उचललं होतं ते तसंच हवेत राहिलं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. आत्ता लक्षात आलं."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

यावर मात्र गोगीने लगेच उत्तर दिलं. "मघाशी आलं नव्हतं."

जाऊने अभ्रा सोडला. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. दीर खिडकीतून वळला नाही, पण त्याचा खांदा हलताना मला दिसला.

बाईंनी ती छोटी रेघ खोडली. खोडली म्हणजे तिच्यावरून आडव्या रेघा मारल्या, खाली चार-पाच ओळी लिहिल्या. मग दोन्ही घड्याळांकडे बघून म्हणाल्या की वाचन अपुरं राहिलं, पण ते राहू दे. वर्षभर घरी शिकायला त्या हरकत घेणार नाहीत. पण एक अट घालतायत. दर महिन्याला एकदा जवळच्या शाळेत जाऊन गोगीने वेळ लावलेला पेपर द्यायचा, बाकीच्या मुलांबरोबर बसून.

"पूर्ण सोडवायचा?" गोगीने विचारलं.

"प्रयत्न करायचा. आणि तिथे मी थांबणार नाही हं, मागून उत्तर येईल म्हणून."

त्या हे हसून म्हणाल्या, पण लिहिलं मात्र ठामपणे. जाऊचा चेहरा उजळला होता तो अर्धा उतरला. पोटातल्या कळांची आठवण तिला झाली असणार. मला झाली. दीर बाईंना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेला आणि येताना कपाळ पुसत आला. म्हणाला, हेडबाई, तुमची शाळा एक वर्ष वाचली. त्या 'तुमची'मध्ये या वेळी टोमणा नव्हता.

त्याने रंगीत गाडी खोक्यात भरायला घेतली. जाऊ म्हणाली, परत नको करू, मीही एकदा उघडून बघते, कुठून उघडते ते. तो म्हणाला, उघडत नाही ती. ती म्हणाली, बघू. गोगी पुस्तक घेऊन तिथेच बसली होती. राहिलेला परिच्छेद ती पुरा करत होती, कोणी ऐकत नसताना.

संध्याकाळी मी माळ घेऊन बसले आणि दुपारी राहून गेलेली नावं पुरी केली. रोजच्या वहीत मी चार ओळी लिहिते. आज चार ओळींत हे मावणार नव्हतं, म्हणून एवढं लिहिलं. त्या पेपरांचं काय होईल मला माहीत नाही. जाऊने आत्तापासून टेबलावर शाळेचे जुने पेपर काढलेत आणि दोन दोन करून समोर मांडलेत.

सोमवारी सकाळी तिला शिक्षण कचेरीत जाऊन अटीच्या कागदावर सही करायची आहे. मी बरोबर जाणार आहे.